सेकंदाला चार फूट

कोजागिरी खरी गुरुवारीच होऊन गेली होती, पण अमेरिकेत चंद्रालाही शनिवारपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे सत्तावीस ऑक्टोबर दोन हजार सातच्या रात्री सनीव्हेलच्या एका अपार्टमेंटमध्ये, पोहण्याच्या तलावाशेजारी, दहा-बारा जण कागदी कपांतून मसाला दूध पीत बसले होते. चंद्र एका कडेने झिजायला लागला होता. मुलं आत क्लबहाउसमध्ये कार्टून बघता बघता एकेक करून आडवी झाली होती. अंताक्षरी 'ठ'वर येऊन मेली होती.

"काका, आता तुम्ही," संग्राम म्हणाला. "एक भुताची होऊन जाऊ दे, यार. पण वडपिंपळ नको. इथे पिंपळच नाही, भीती कशाची वाटणार?"

राजारामकाकांनी कप खाली ठेवला. सत्तरीला टेकलेला माणूस. एकाहत्तर साली आले ते इथलेच झाले. पस्तीस वर्षं जवळच्याच एका गावाच्या ट्रॅफिक खात्यात काढून नुकतेच निवृत्त झाले होते. कुठल्या चौकात कुठला दिवा किती वेळ लावायचा, हे ठरवणं त्यांचं काम. हाफ स्वेटर, कानात बसवलेलं यंत्र, गुडघ्यावर पांघरूण. त्यांना बघून कुणी घाबरेल असं त्यांच्यात काही नव्हतं.

"भुताची मला येत नाही," काका म्हणाले. "घडलेली एक येते. चालेल?"

"म्हणजे खरी?"

"जिनं सांगितली ती बाई थाप मारणारी नव्हती. आणि अर्धी गोष्ट माझ्याच टेबलावर घडली आहे. फक्त गावाचं नाव विचारू नका. आपली बरीच मंडळी राहतात तिथे."

मंडळी हसली. स्वानंदी हसली नाही. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ झोपलं होतं, उठून आत जायला तेवढं निमित्त पुरेसं होतं. पण बाळ झाल्यापासून तिला घाबरवणाऱ्या गोष्टी मुद्दाम ऐकायची खोड लागली होती. काय काय होऊ शकतं ते निदान आधी कळतं, अशी ती स्वतःची समजूत घालायची. तिने बाळाचं टोपडं नीट केलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"पुढच्या रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जाणार," काका म्हणाले. "म्हणून आजच सांगतो."

आणि त्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

काम साधंच होतं. रस्त्यापलीकडच्या पाळणाघरातून मुलीला घरी आणायचं.

सीमा पुण्याची. एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा पगार मिळायचा, आणि घरी आल्यावरही तो स्वभाव काही सुटायचा नाही. गॅस बंद केला का, खिडकी लावली का, मुलीच्या डब्यात द्राक्षं अख्खी तर नाही गेली. नवरा श्रीरंग. मुलगी अनिका, तीन वर्षांची. घरात गाडी एक, ती श्रीरंगकडे, आणि तो आठच्या आत घरी येत नसे. सीमाला ती चालवता येत नव्हतीच. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. दुसऱ्यांदा तर परीक्षक म्हणाला होता, "बाई, तुम्ही फार थांबता."

तर रोज पाचला कंपनीची बस तिला घराच्या कोपऱ्यावर सोडायची. घराच्या आणि पाळणाघराच्या मध्ये एकच रस्ता. हॅलोवे. सहा लेन, मध्ये हातभर रुंदीचा दुभाजक. दोन्ही बाजूंना घरं, झाडं, मुलांच्या सायकली, आणि मधून पन्नास मैलांच्या वेगाने गाड्या. कोपऱ्यावरच्या चौकात एक सिग्नल, पुढचा पाऊण मैलावर. पाळणाघराच्या दारातून सीमाला स्वतःच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसायचा. पण तिथे पोचायचं म्हणजे रोजची परीक्षा.

कारण या चौकाची एक रीत होती. खांबावरचं बटण दाबलं नाही, तर चालणाऱ्याचा दिवा लागतच नसे. दाबलं, की बऱ्याच वेळाने चालणारा पांढरा माणूस दिसायचा. चार-पाच पावलं टाकेपर्यंत तो जायचा आणि लाल हात उघडझाप करायला लागायचा. सगळे मिळून चोवीस सेकंद. त्यातच, लाल दिव्यालाही उजवीकडे वळायची इथे मुभा. वळणारा बघत असतो डावीकडे, येणाऱ्या गाड्यांकडे. आणि चालणारा उभा असतो त्याच्या उजव्या हाताला. उन्हाळ्यात एकदा एक जीप सीमाच्या पिशवीला घासून गेली. आतल्या बाईने सॉरी म्हणून हात हलवला. छान हसली सुद्धा. सीमा घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

"मग आपल्याकडे लोक कसे ओलांडतात?" संग्राम मध्येच म्हणाला. "इथे दिवा, बटण सगळं आहे. तिकडे काहीच नाही."

"तू कसा ओलांडायचास?"

"मी? कुणीतरी उतरलं की त्याच्या आडोशाने. एखाद्या काकू असल्या तर बेस्ट. गाडीवाले काकूंना घाबरतात."

"बरोबर," काका म्हणाले. "लक्षात ठेव हे तू बोललास ते."

सप्टेंबर संपता संपता, एका संध्याकाळी, सीमा अनिकाला घेऊन पाळणाघराच्या बाजूच्या कोपऱ्यावर उभी होती. अनिकाने बटण दाबलं. बटण दाबायचं काम अनिकाचं, दुसऱ्या कुणी दाबलं तर भोकाड पसरायची. तेवढ्यात शेजारून कुणीतरी विचारलं,

"मराठी का गं?"

एक आजी उभ्या होत्या. सुती साडी, वर पुरुषी राखाडी स्वेटर, पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट शूज. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेली आई कुठूनही ओळखू येते. सीमाला एकदम बरं वाटलं.

"हो, पुण्याची. तुम्ही?"

"नागपूरची. मुलगा पलीकडेच राहतो माझा." आजी रस्त्याकडेच बघत होत्या. "फिरायला येते इकडे. जाताना काही वाटत नाही. येताना जिवावर येतं."

"माझंही तसंच आहे, आजी."

पांढरा माणूस लागला. आजींनी उजवा हात वर केला, तळवा गाड्यांकडे, आपल्याकडे बैलगाडी थांबवतात तसा, आणि चालायला लागल्या. सीमा त्यांच्या मागे. वळणारी एक गाडी चक्क थांबली. सीमाने ना डावीकडे बघितलं ना उजवीकडे. तिच्यापुढे दोन पांढऱ्या टाचा चालत होत्या, ती त्यांच्यावर नजर ठेवून चालत गेली. अमेरिकेत आल्यापासून रस्ता ओलांडताना तिचे खांदे पहिल्यांदा खाली आले.

पलीकडे पोचून तिने अनिकाला फूटपाथवर चढवलं आणि वळली. "या ना आजी घरी, चहा..."

आजी नव्हत्या. गेल्या असतील बाजूच्या गल्लीत. म्हातारी माणसं निरोप न घेता जातात कधी कधी.

मग हे रोजचं झालं. रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी. सीमाला आजी भेटल्या की दिवसाचा शीण उतरायचा. श्रीरंग हसायचा. "फुकटात सासू मिळाली की तुला. माझ्या आईला कळवू का?" सीमाला नाव कळलं होतं, सुमित्राबाई. आडनाव विचारायचं राहून गेलं. सुनेबद्दल काही बोलत नाहीत, म्हणजे पटत नसणार, असाही तिने अंदाज बांधून टाकला होता. एक मात्र तिला खटकायचं. आजी अनिकाशी बोलायच्या नाहीत. एवढी गोड मुलगी, गालाला कधी हात नाही. आणि अनिकाही तशीच. "आजींना टाटा कर," म्हटलं की ती खांबाला टाटा करायची.

लाजते, सीमा म्हणायची. इंग्रजीत वाढतात, मोठ्या माणसांशी बोलायची सवय नसते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली.

तीस ऑक्टोबर दोन हजार सहा. सोमवार.

आदल्या शुक्रवारी याच वेळेला ऊन होतं. आज सीमा बसमधून उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. अनिकाला घेऊन ती कोपऱ्यावर आली तेव्हा पाच चाळीस. पूर्ण अंधार. बारीक पाऊस. गाड्यांचे दिवे ओल्या रस्त्यावर लांब लांब पडलेले. दुसऱ्या दिवशी हॅलोवीन, म्हणून पाळणाघरात मुलांनी भोपळे केले होते. अनिकाने आपला कागदी भोपळा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. एक हात सुटला तर तो भिजेल, म्हणून ती कुणाचा हात धरायला तयार नव्हती. सीमाने तिच्या रेनकोटची टोपी मुठीत धरली होती.

आजी आधीच उभ्या होत्या. स्वेटर कोरडा होता.

"उशीर झाला गं," आजी म्हणाल्या.

"हो ना. बस उशिरा आली."

"किती वेळ उभी आहे मी."

एवढंच बोलणं झालं. आणि आजी तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "चल."

आधी कधीच त्या 'चल' म्हणाल्या नव्हत्या.

हात वर गेला. पांढऱ्या टाचा फूटपाथवरून खाली उतरल्या. सीमाही उतरली.

पहिली लेन. दुसरी. टाचा पुढे. गाडी एकही नाही, डावीकडचा रस्ता मोकळा. पाऊस थांबल्यासारखा वाटला. थांबला नव्हता. त्याचा आवाज थांबला होता. टायरांचा नाही, वाऱ्याचा नाही. अनिकाच्या रेनकोटची सळसळ तेवढी. तिसरी लेन. दुभाजक आला. आजी तो ओलांडून पुढे गेल्या. सीमाने एक पाय पलीकडे टाकला...

टोपी मागे ओढली गेली.

"आई. नो मॅन."

"चल बेटा, लवकर."

"देअर इज नो मॅन, आई! रेड हॅन्ड!"

"आजी आहेत ना पुढे. चल."

"हू?"

"आजी, अगं. त्या..."

"आई," अनिका म्हणाली, अगदी हळू. "देअर इज नोबडी."

सीमाने मान वर केली.

समोर लाल हात होता. उघडझाप करत नव्हता. स्थिर.

बटण कुणी दाबलंच नव्हतं. अनिकाचे दोन्ही हात भोपळ्याला होते.

उजवीकडून दिवे येत होते. तीन लेनमध्ये तीन जोड्या. सीमाने बाहेर टाकलेला पाय आत घेतला आणि अनिकाला उचलून पोटाशी धरलं. पहिली गाडी तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावरून गेली. हॉर्न वाजला असणार. तिला ऐकू आला नाही.

आजी शेवटच्या लेनमध्ये होत्या. थांबल्या होत्या.

त्या वळल्या.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी अनिकाकडे बघितलं. वर केलेला हात खाली आला. पुढे झाला. तळवा आता गाड्यांकडे नव्हता. वर होता. लहान मुलाचा हात धरायला आपण करतो तसा.

गाडी आली.

आजी हलल्या नाहीत.

गाडी गेली... वेग कमी झाला नाही. आवाज नाही. काही नाही. रस्ता रिकामा. मग दुसरी गाडी. मग तिसरी.

आता मागूनही गाड्या सुरू झाल्या होत्या. हातभर दुभाजकावर सीमा अनिकाला घेऊन उभी. पुढून वारा, मागून वारा. भोपळा कधी पडला, कुणाच्या चाकाखाली गेला, कळलं नाही. अनिका रडत नव्हती. आणि सीमाच्या उजव्या कानाशी, इतक्या जवळ की श्वास लागायला हवा होता, पण लागला नाही...

"चल ना गं. एकच लेन उरली आहे."

सीमाने मागे बघितलं नाही.

किती वेळ उभी होती ते तिला सांगता आलं नाही. कधीतरी पलीकडून कुत्र्याला फिरवणाऱ्या एका माणसाने बटण दाबलं. पांढरा माणूस लागला. ती पळाली.

काका थांबले. तलावातल्या पाण्याचा पंप घुरघुरत होता. संग्रामच्या हातातल्या दुधावर साय धरली होती.

"तुम्हाला कसं कळलं, काका?" स्वानंदीने विचारलं.

"चार दिवसांनी ती माझ्याकडे आली. ऑफिसात."

ट्रॅफिक खात्याच्या खिडकीशी सीमा आली तेव्हा टेबलावरची पाटी वाचून मराठीतच बोलली. आजींचं नाव तिने काढलं नाही. काढून काय होणार? बाई वेडी आहे, एवढंच होणार. तिने विचारलं ते सरळ होतं. त्या चौकात चालणाऱ्यांचा वेळ वाढवता येईल का?

"मोजणी करावी लागेल," काका म्हणाले. पस्तीस वर्षांची सवय. "किती लोक ओलांडतात ते कागदावर आल्याशिवाय एक सेकंद वाढवता येत नाही."

"चोवीस कुणी ठरवले, काका?"

"नियम आहे. माणूस सेकंदाला चार फूट चालतो असं धरतात. रस्ता शहाण्णव फूट. शहाण्णव भागिले चार."

सीमाने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तिथे कधी कुणी... साडीतल्या आजी... स्पोर्ट शूज?"

काकांनी फाईल काढायची गरज नव्हती. तरी त्यांनी काढली, कारण तेवढा वेळ तिच्याकडे बघावं लागलं नसतं.

मार्च दोन हजार चार. सुमित्राबाई, वय अडुसष्ट, राहणार नागपूर, मुलाकडे आलेल्या. संध्याकाळी साडेसहाला फिरून परत येत होत्या. दिवा त्यांचाच होता. पांढरा माणूस बघूनच निघाल्या. पाच लेन ओलांडल्या. सहाव्या लेनला आल्या तेव्हा चोवीस सेकंद संपले होते. मुलगा एकदाच ऑफिसात आला होता. आरडाओरडा नाही, वकील नाही. "चोवीस कसे काढलेत?" एवढंच विचारलं. काकांनी त्याला कागदावर भागाकार करून दाखवला. त्याने कागद बराच वेळ हातात धरला. म्हणाला, "आई आयुष्यात एवढी भरभर कधी चालली नाही." पुढच्या महिन्यात घर सोडून गेला. पलीकडचं घर. कुठे गेला, कुणाला माहीत नाही.

"तो भागाकार माझा होता," काका तलावाकडे बघत म्हणाले. "त्या चौकाच्या कागदावर सही माझी आहे. सीमाला मी ते सांगितलं. तेव्हा तिने आजींचं सगळं सांगितलं. पर्स उचलली, आणि जाताना म्हणाली, 'काका, मोजून घ्या. मला माझी मुलगी रोज तिथूनच आणायची आहे.'"

"मग मोजलंत?" संग्रामने विचारलं.

मोजलं. चौदा, पंधरा, सोळा नोव्हेंबर. मंगळ, बुध, गुरू. मोजायला खात्याची नेहमीची बाई, पोस्टातून निवृत्त झालेली. घडीची खुर्ची, छत्री, थर्मास, दोन्ही हातांत आकडे मोजायची यंत्रं. वीस वर्षांत तिचा आकडा चुकला नव्हता. एरवी ओलांडणारा माणूस एकदाच मोजतात. काकांनी तिला या वेळी दोन रकाने दिले. पाळणाघराकडून रस्त्यावर उतरले किती, आणि घरांच्या बाजूला पोचले किती. दुभाजकावर किती अडकतात ते त्यांना बघायचं होतं. निदान तिला त्यांनी तसं सांगितलं.

मंगळवारी आणि बुधवारी श्रीरंग लवकर येऊन अनिकाला गाडीतून घेऊन गेला. तो आता आजींचं नाव काढलं की हसत नव्हता. गुरुवारी त्याची मीटिंग लांबली. पाच वाजता त्याचा फोन आला. पाळणाघर सहाला बंद. बाहेर धो धो पाऊस.

सीमा गेली. न जाऊन कुणाला सांगते?

परत येताना कोपऱ्यावर कुणी नव्हतं. तिने चारही बाजूंना बघितलं. नव्हतं. समोर, घराच्या बाजूला, छत्रीखाली मोजणारी बाई बसलेली दिसत होती. अनिकाने बटण दाबलं. दोघी थांबल्या. मायलेकींनी हात इतके घट्ट धरले होते की अनिका "आऊच" म्हणाली.

पांढरा माणूस लागला.

आणि सीमाच्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं. पुढे काकांना सांगतानाही तिला लाज वाटत होती. शेजारी वडीलधारं माणूस खोळंबलेलं असलं की आपल्या तोंडून जसं आपोआप निघतं, तसं, रिकाम्या अंधाराकडे बघून ती म्हणाली,

"चला. दिवा लागलाय."

मग ती चालली. पळाली नाही. हळू चालली. का, ते तिला माहीत नाही. लाल हात उघडझाप करायला लागला तरी हळूच. वळणाऱ्या गाडीकडे तिने स्वतः बघितलं, हात स्वतः वर केला. पाचवी लेन. सहावी. फूटपाथ. अनिकाला वर चढवलं. मागे वळून बघितलं नाही. घरी आली, दार लावलं, कुलूप दोनदा तपासलं. काही दिसलं नव्हतं. काही ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर तिथे तिला कुणी भेटलं नाही.

"संपलं?" स्वानंदीने विचारलं. तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"दिव्याचा वेळ वाढला," काका म्हणाले. "बत्तीस सेकंद केले. माझी शेवटची सही. डिसेंबरात मी निवृत्त झालो."

"म्हणजे चांगलंच झालं की, काका."

स्वेटरच्या आतल्या खिशातून काकांनी पाकीट काढलं, पाकिटातून घड्या पडून पडून मऊ झालेला एक कागद. मोजणीच्या तक्त्याची झेरॉक्स.

"हे सीमाला मी दाखवलेलं नाही," ते म्हणाले. "त्या मायलेकी अजून तिथेच राहतात. चौकातून तिसरं दार."

संग्रामने मोबाइलचा उजेड धरला. इतर माना पुढे झुकल्या. पेन्सिलीने भरलेला साधा तक्ता होता, पंधरा पंधरा मिनिटांच्या ओळी. साडेपाच ते पावणेसहा या ओळीवर काकांनी बोट ठेवलं.

मंगळवार. उतरले नऊ. पोचले आठ.

बुधवार. उतरले अकरा. पोचले दहा.

"मी त्या बाईला फोन केला होता," काका म्हणाले. "म्हटलं, गुरुवारी चुकलात का? पाऊस होता, अंधार होता. ती चिडली. म्हणाली, माझ्यासमोरून फूटपाथवर चढले, मी तीनदा मोजले."

बोट त्याच ओळीत पुढे सरकलं. तिथला दुसरा आकडा कुणीतरी खोडून, पुन्हा तोच, दाबून लिहिला होता.

गुरुवार, सोळा नोव्हेंबर.

उतरले दोन.

पोचले तीन.